कुरळ्या केसांचा टोप

सोसायटीच्या गणपतीसाठी आमच्या मजल्यावरच्या चार मुली एका ब्रिटिश गर्ल ग्रुपचं गाणं बसवतायत. त्या ग्रुपमधल्या चौघी आधी लोकांच्या लग्नांत गायच्या आणि आता त्यांच्यासाठी अख्खी मैदानं भरतात, हे माझी मुलगी रेवा मला रोज जेवताना ऐकवते. आज रंगीत तालमीला मी कपडे वाटत होते. त्या गायिकांमधली एक काळी, दाट कुरळ्या केसांची. तिच्या भूमिकेसाठी आणलेला टोप मी न विचारताच केतकीच्या हातात दिला. केतकी आमच्या चार मुलींत सगळ्यात सावळी.

तिने तो डोक्यावर चढवायला घेतला.

"आई, तो माझा आहे," रेवा म्हणाली. "ती माझी आवडती आहे. केतकी मधे उभी राहते, मेन गाणं तिचंच आहे."

मुली लगेच पुन्हा हसण्याखिदळण्यात रमल्या. मी मात्र पिना शोधायचं निमित्त करून पर्समध्ये डोकं घातलं. त्या चौघी गायिका कुठून कुठे पोचल्या, आणि मी अजून कातडीचा रंग बघून मुलींच्या जागा ठरवतेय. ठरवलं तरी कुठे होतं, हात आपोआप गेला. त्याचीच जास्त लाज वाटत होती.

मग मेकअपला बसवलं. केतकीने डोळे मिटून चेहरा पुढे केला आणि हळूच म्हणाली, "काकू, मला पावडर जरा जास्त लावा हं."

हे तिला कोणी शिकवलं, ते मला विचारावं लागलं नाही.