गळतीला गळती म्हणणारी नसीम

नसीम गेल्याचं तिच्या भावाने लोणावळ्याहून कळवलं, तेव्हा आमची दवाखान्यातली शेवटची भेट आठवली. डॉक्टर बराच वेळ इंग्रजीत बोलत होते. नसीमने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे मी बरी होणार नाही. असंच ना?” डॉक्टरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “हो,” म्हणाले.

परंदवडीजवळच्या एका शीतगृहात आम्ही दोघी इंजिनियर. मी यंत्रं बघायचे, ती सुरक्षा. अवघड शब्द कानावर आला की तिला वाटायचं, इथे कोणीतरी काहीतरी लपवतंय. मला मात्र तिचाच संशय यायचा. थंडाव्यासाठी वापरायचा अमोनिया सुटला तर काय करायचं, त्याच्या सूचना ती पॅकिंगमधल्या बायकांना वाचून दाखवायला लागली, तेव्हा वाटलं, हिला युनियन काढायची असेल, नाहीतर बढती हवी असेल. साहेबांनीही मला हळूच विचारलं होतं, “ही नक्की कोणाच्या बाजूची?”

एकदा कांताबाईंनी तिला मध्येच अडवलं. “मॅडम, ‘वाऱ्याच्या प्रतिकूल दिशेने’ म्हंजी कुटं पळायचं?” नसीमने ते वाक्य खोडलं आणि त्यांच्याशी बोलत बोलत नवं लिहिलं : ‘आधी वासातून बाजूला व्हा. मग वारं तोंडावर घेत चाला.’

पुढे एका दुपारी पाइपाचा सांधा खरंच सुटला. डोळे झोंबायला लागले. मी बाहेर आले तर कांताबाई पुढे, मागे सगळ्या बायका, ओले रुमाल नाकाला लावून वारं तोंडावर घेत निघालेल्या. कोणालाही इजा झाली नाही.

अहवालात मात्र आलं, ‘प्रक्रियेतील किरकोळ विचलन’. “गळती लिहा, मग सही करते,” नसीम म्हणाली.

“शब्दाने काय फरक पडतो?” साहेब म्हणाले.

“पडत नसेल तर बदला ना.”

तिने सही केली नाही. तिला खरेदी विभागात टाकलं. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी तिला तिथे गाठून विचारलं, तेव्हाही तिने एवढंच सांगितलं, “गळती झाली. सांधा जुना होता.” मग सगळेच सांधे बदलले गेले. हिला यातून काय मिळतंय, हे मी बरेच दिवस बघत राहिले... काहीच मिळालं नाही. सुरक्षेत तिला परत कोणी घेतलं नाही.

परवा तिच्या घरी गेले होते. तिच्या अम्मी गोळ्यांची नवी पट्टी उलटसुलट करून बघत होत्या. “नाव निराळं आहे. दुकानदाराने फसवलं तर नाही?” मी दुकानात फोन करून विचारलं. कंपनी बदललेली, औषध तेच. तरी त्यांचं समाधान होईना. त्यांनी गोळ्यांचा डबा माझ्यापुढे ठेवला. प्रत्येक पट्टीवर चिठ्ठी चिकटवलेली, अक्षर नसीमचं. ‘गुडघा दुखला तरच.’ ‘रात्रीची. पाणी जास्त प्यायचं.’

“आता तू लिही,” अम्मी म्हणाल्या.

मी लिहिलं, ‘रक्तदाब नियंत्रणासाठी’. त्यांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून वाचली आणि परत दिली. मी दुसरी घेतली. ‘सकाळची. चहानंतर. नाव नवं, गोळी तीच.’

ती त्यांनी दोनदा वाचली, आणि मग स्वतःच्या हाताने चिकटवली.