सत्तेचाळिसावे पान

काका वाचू लागले की उजव्या हाताचे मधले बोट मेजावर पडे. स्वल्पविरामाला एकदा, पूर्णविरामाला दोनदा, आणि ओवी संपली की सगळी मूठ. रावपुऱ्यातल्या आमच्या लहानशा छापखान्यात ते मूळ प्रत मोठ्याने वाचत आणि मी समोर बसून प्रूफ तपाशी. कामासाठी आलेले लोक आम्हांला पाहून हसत. दोन मोठी माणसे दिवसभर एकमेकांना वाचून दाखवतात, हे काय काम झाले? नऊ वर्षे आम्ही ते काम केले.

लग्नपत्रिका, दंतमंजनाची जाहिरात, आरत्या, श्राद्धाचे आमंत्रण, सगळे ते एकाच सपाट आवाजात वाचत. मी कंटाळून पुढचा शब्द मनानेच भरून घेतला की ते त्यांना कसे कळे, मला अजून माहीत नाही. बोट हवेत थांबे.

"पंत, आहे तसं. वाटतं तसं नको."

त्यांचा आजा गायकवाडांच्या घोडदळात शिलेदार होता. घोडे गेले, तलवारी गेल्या, आपल्या वाट्याला फक्त मिशा आल्या, असे ते स्वतःच सांगत. घडियाळी पोळ नावाच्या गल्लीत एका खोलीत एकटे राहत. प्लेगने त्यांची बायको आणि दोन मुली एकाच आठवड्यात नेल्या होत्या. तेव्हापासून त्यांनी देवापुढे हात जोडले नव्हते. त्याविषयी ते बोलत नसत, आणि जो हात जोडी त्याला हसतही नसत.

दसऱ्याला छापखान्यात यंत्राची पूजा होई. आदल्या संध्याकाळी यंत्र पुसून, तेल घालून लखलखीत करीत ते काकाच. पूजेच्या वेळी मात्र बाहेर ओट्यावर विडी ओढीत बसत, आणि मालकीणबाई प्रसादाचा शिरा वाटू लागल्या की सगळ्यांत आधी आत येत.

"आता कसे आलात?" मालक विचारीत.

"शिरा वहिनींनी केलाय," काका म्हणत. "त्यांचं आणि माझं काही वाकडं नाही."

अशी माणसे तुमच्याही ओळखीत असतील. त्यांना एकदा नास्तिक म्हटले की लोक मोकळे होतात. पहिल्या वर्षी मीही जरा सरकूनच बसत असे.

एकदा एक गृहस्थ मुलाच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. मुलाच्या नावापुढे बी. ए. लिहिले होते. काका वाचता वाचता थांबले.

"चिरंजीव बी. ए. झाले?"

"होईलच की. लग्नापर्यंत निकाल लागतोय."

"मग 'होणार' असं घालू. आमच्याकडे अक्षरांचे खिळे पुष्कळ आहेत."

आतून आमचा गुजराती कंपोझिटर कळवळून म्हणाला, "काका, घराक जतो रहेशे." गिऱ्हाईक जाईल ही त्याची भीती खरीच ठरली. पत्रिका दुसरीकडे छापली गेली. मालक दोन दिवस काकांशी बोलले नाहीत, आणि काकांच्या ते लक्षातही आले नाही.

अशा माणसाची संगत छापखान्यात ठेवून घरी येता येत नाही. मी मूळचा सगळ्यांना होकार देणारा. आमटी कशी झाली, असे आईने विचारले की छान म्हणायचे, हा माझा शिरस्ता. एक दिवस तोंडातून निघून गेले, "मीठ जास्त झालंय."

आईने चव घेतली. "चार दिवस जास्तच पडतंय. बोलला का नाहीस?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "त्या शिलेदाराच्या नादाला लागलास वाटतं." तिच्या आवाजात राग नव्हता.

संध्येचेही तसेच झाले. मुंजीपासून मी ती भराभर म्हणत आलो होतो. एका सकाळी बोट आपोआप पाटावर पडू लागले. प्रत्येक विरामाला थांबणे आले, आणि आपण रोज काय मागतो आहोत ते मला वयाच्या तिसाव्या वर्षी प्रथम कळले. देव न मानणाऱ्या माणसाने मला संध्या शिकवली, हे सांगितले की लोकांना चमत्कारिक वाटते. वाटो.

आता त्या पोथीचे सांगतो.

मांडवीजवळच्या आमच्या देवळात चातुर्मासात मूळपुरुषाची पोथी वाचतात. मूळपुरुष म्हणजे ते देऊळ उभारणारे साधू. आपली हकीकत त्यांनी स्वतःच्या हाताने ओव्यांत लिहून ठेवली आहे. वाचनाचा मान तीस वर्षे माझ्या वडिलांकडे होता. ते गेले आणि मी त्यांच्या जागी बसू लागलो. आई बायकांच्या पहिल्या रांगेत असे. तू मान खाली घालून वाचतोस तेव्हा मला हेच बसलेत असं वाटतं, असे ती म्हणे. वडिलांनी जाण्यापूर्वी मला एक गोष्ट बजावली होती. सत्तेचाळिसावे पान खराब झाले आहे, हाताला जाड लागेल, ते तसेच उलटायचे. मी ते तसेच उलटीत आलो.

देवळाचे मुख्य विश्वस्त एक निवृत्त वहिवाटदार होते. तालुक्याचा कारभार केलेले, बोलायला गोड. पोथी छापायची असे त्यांनी ठरवले आणि रेशमी वस्त्रात बांधून ती आमच्याकडे आणून दिली.

कोणतेही हस्तलिखित हाती आले की काका आधी त्याची पाने मोजत. "पंत, सेहेचाळीस. मग एकदम अठ्ठेचाळीस."

"सत्तेचाळीस खराब आहे. वडिलांनी सांगितलंय."

त्यांनी पान खिडकीच्या उजेडात धरले. "खराब कुठलं? दोन पानं एकमेकांना चिकटवलीत. खळ लावून."

ओलसर फडके आणि बाइंडरची पातळ पट्टी घेऊन ते तासभर बसले. पाने सुटली. आत बारा ओव्या होत्या, शाई अगदी ताजी असावी तशा. काका नेहमीच्या आवाजात वाचू लागले. तरुणपणी मूळपुरुष छाणी गावाच्या वाटेवर तापाने पडले होते. वाटसरू बाजूने निघून जात होते. शेवटी एक चांभाराची बायको आली.

ज्वरें पडिलों वाटेसी । कोण पुसे परदेशी ।
तिणें उचलोनि मजसी । घरीं नेलें ॥

सात दिवस त्यांनी तिच्या हातची पेज घेतली. तोवर मी देवाविषयी फक्त ऐकले होते, तो मला त्या घरात भेटला, असे त्यांनी पुढे लिहिले होते.

त्या ओवीला काकांची मूठ पडली नाही. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, पुष्कळ वेळ पुसला. मग म्हणाले, "पुन्हा पहिल्यापासून घेऊ." त्या बारा ओव्या आम्ही त्या दिवशी तीनदा वाचल्या. पुढे त्यांच्या प्रुफात एकही चूक निघाली नाही.

प्रूफ पाहायला वहिवाटदारसाहेब आले. त्या ओव्यांवर बोट ठेवून म्हणाले, "एवढ्या काढा."

"मुळात आहेत," काका म्हणाले.

"आजवर कुठे होत्या? होतं तसं चालू द्या."

"लिहिल्या कोणी?"

"मूळपुरुषांनी. म्हणून काय झालं?"

"मग त्यांना विचारून काढा."

"तुम्ही देव मानत नाही," साहेब हसून म्हणाले. "तुम्हाला यात काय पडलंय?"

"मानत नाही, म्हणूनच यातलं काही झाकायचं मला कारण नाही."

साहेबांनी पोथी पुन्हा वस्त्रात बांधली. मला त्यांनी बाहेर ओट्यावर बोलावले. "पंत, तुमच्या वडिलांसाठी सांगतो. दिवसभर तुम्ही कोणात बसता हे लोक बघतात. पोथीच्या चौरंगापुढे बसायचं असेल तर या माणसाची संगत सोडा, आणि पान उलटत जा. आणि ती खळ कोणी लावली, ठाऊक आहे? तुमच्या वडिलांनीच. आम्ही सांगितलं, त्यांनी ऐकलं."

हे मला फार लागले. माझे वडील खोटे बोलत नसत. बाजारात कोणाची वस्तू खाली पडलेली दिसली तर हाका मारीत मागे धावत. पण त्यांची बैठक तीस वर्षे या लोकांत होती. सगळे सज्जन, सगळे देवळातले, एकानेही कधी विडी ओढली नसेल. त्यांच्यात बसून बसून माझ्या सरळ बापाने एका बाईला खळ लावून बुजवले. वाईट संगत कोणती, हे तेव्हापासून मी कोणाकडून ऐकून घेत नाही.

काकांना मी सगळे सांगितले.

"मग लांब बसा," ते म्हणाले. "जागा वडिलांची आहे, आई समोर असते. मी काय, खिडकीपाशीही वाचतो." आणि आपले स्टूल त्यांनी स्वतःच उचलून खिडकीकडे नेले. मी त्यांना अडवले नाही. तेही लिहायला हवे.

श्रावणात तो अध्याय आला. देऊळ भरले होते. मी सेहेचाळिसावे पान खाली ठेवले आणि पुढचे हातात घेतले. ते पुन्हा जाड झाले होते. खळीचा वास येत होता.

मी ते पान उलटले नाही. तसेच हातात धरून मी त्या बारा ओव्या म्हटल्या. त्यांतली एकही मी घरी पाठ केली नव्हती. त्या मला काकांच्या आवाजात ऐकू येत होत्या. तिसऱ्या ओवीला साहेब हलक्या आवाजात म्हणाले, "पंत, पान उलटा." पाचवीला मोठ्याने म्हणाले. माझी मूठ प्रत्येक ओवीला चौरंगावर पडत होती, आणि मला ती थांबवता आली असती तरी मी थांबवली नसती. बारा संपल्यावर मी पान उलटले आणि अध्याय पुरा केला.

घरी आईने पान वाढले. मी दोन घास घेतल्यावर तिने विचारले, "त्या बाईचं नाव लिहिलंय का रे पोथीत?"

"नाही."

"लिहायला हवं होतं," ती म्हणाली, आणि ताक आणायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी निरोप आला की उद्यापासून वाचन दुसरे कोणी करील. मी छापखान्यात गेलो आणि खिडकीपाशी काकांच्या समोर माझे स्टूल ठेवले.

"मान गेला?" त्यांनी विचारले.

"गेला."

"बाराही झाल्या?"

"बाराही."

"एखादा शब्द इकडचा तिकडे?"

"नाही."

"बसा मग," ते म्हणाले, आणि कसल्याशा मलमाची जाहिरात वाचायला लागले.

पोथी पुढे दुसऱ्या छापखान्यात छापली, त्या ओव्यांवाचून. आम्ही दोघे आणखी दोन वर्षे समोरासमोर बसलो. माघातल्या एका सकाळी काका कामावर आले नाहीत, म्हणून कंपोझिटर आणि मी घडियाळी पोळीत गेलो. ते झोपेतच गेले होते. क्रियाकर्म नको, असे त्यांनी सांगून ठेवले होते. छापखान्यातल्या माणसांनी त्यांना विश्वामित्रीच्या काठी स्मशानात नेले आणि अग्नी मी दिला. मंत्र कोणी म्हटले नाहीत. मी मनात म्हटले. माझा देव मला त्यांच्या संगतीतच नीट कळला होता, तेव्हा तेवढा हक्क मी घेतला.

तेराव्या दिवशी सूरसागर तळ्याच्या काठी वहिवाटदारसाहेब भेटले. फार हळहळले, आणि ते खरे असावे.

"माणूस मानी होता," ते म्हणाले. "पंत, आता अडचण राहिली नाही. नवा वाचणारा अडखळतो हो. येत्या श्रावणात तुम्हीच बसा. आईंनाही बरं वाटेल."

"सत्तेचाळिसावं पान सुटं केलंत?"

"तो विषय त्यांच्याबरोबर गेला."

"नाही गेला," मी म्हणालो. "मला तो पाठ आहे."

साहेबांनी उपरणे सावरले. मग काठी टेकत मांडवीच्या रस्त्याला लागले. मी रावपुऱ्याकडे वळलो. तेरा दिवसांची प्रुफे साचली होती, आणि आता ती मला एकट्यालाच मोठ्याने वाचायची होती.