फिलूमायचं पाणी

बाळंतिणीच्या खोलीत शिरली की फिलूमाय आधी पाणी मागे. पिण्यासाठी नव्हे. पितळेच्या एका लहानशा गडव्यात विहिरीचं ताजं पाणी घेऊन ती तो आपल्या उजव्या हाताशी ठेवी आणि मगच बाईजवळ बसे. मूल जन्मलं, रडलं, की बाहेर येऊन ते पाणी अंगणातल्या माडाच्या बुंध्याशी ओती. ओटीवर ताटकळत बसलेल्या माणसांना मग वेगळं काही सांगावं लागत नसे. माडाला पाणी पडलं म्हणजे दोन्ही जीव सुखरूप.

मी वसईच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून रुजू झाले तेव्हा स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. एके दिवशी पाचूबंदरच्या कोळीवाड्यातून बोलावणं आलं, बाई अडलीय म्हणून. मी पिशवी सांभाळत, धापा टाकत पोचले, तर मूल नुकतंच रडलं होतं आणि एक ठेंगणी, काळी, कासोटा घातलेली बाई गडवा उचलून बाहेर निघाली होती. नव्या नर्सच्या तोऱ्यात मी म्हणाले, "हात धुवायला पाणी जवळ ठेवता, चांगली सवय आहे." तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं.

"हात मी मगाशीच धुतलं, राखेनं. हे पोराचं पानी हाय, बाय. पोर नाय रडलं तर बाप्तिस्मा द्याला. फादर देवलातून निंगून येपर्यंत पोर कशाला थांबतंय?"

तेव्हा मला कळलं. ख्रिस्ती घरात बाप्तिस्म्याविना गेलेलं मूल चर्चच्या दफनभूमीत पुरत नसत. भिंतीबाहेर, काटेरी झुडपांत जागा मिळे. म्हणून मूल जाण्याच्या बेतात असलं तर डोक्यावर पाणी घालून देवाची तीन नावं घ्यायची मुभा सुईणीलाही होती, आणि फादरांनी फिलूमायला ते शब्द शिकवून ठेवले होते. तिचं स्वतःचं पहिलं मूल त्या भिंतीबाहेर होतं. तेव्हाच्या सुईणीला शब्द येत नव्हते. "म्हनून मी सुईन झाली," ती म्हणाली, आणि तो विषय तिने पुन्हा फारसा काढला नाही.

हिंदूंच्या घरीही तिला बोलावणं असे, आणि तिथेही गडवा भरलेलाच असे. आत शिरतानाच ती सासूला विचारी, "तुमचा देव कंचा, आताच सांगून ठेव. मंग येल नाय मिलत." एकदा एका सासूने सात-आठ देवांची नावं घेतली, तर ही म्हणाली, "एक सांग ग, पोर केवडं, देव किती." घाईचा तिला मनस्वी राग. "उगा घाई करनारी सुईन नि वाऱ्याशी भांडनारा नाखवा, दोगं बी बुडनार," असं ती म्हणे.

दोन वर्षांनी दाईंच्या शिक्षणाचा हुकूम आला. आठवड्यातून दोन दिवस दवाखान्याच्या पडवीत वर्ग, सहा महिने. बाजार बुडतो म्हणून त्या दिवसांचा भत्ता, शेवटी तोंडी परीक्षा, आणि पास होणारीला शिक्क्याचं सर्टिफिकेट आणि कात्री, दोरा, औषधं घातलेली पत्र्याची पेटी. ज्यांच्याकडे सर्टिफिकेट नाही त्यांनी पुढे बाळंतपण करायचं नाही. शिकवायचं काम माझ्यावर आलं. पहिल्यांदा मी फिलूमायकडे गेले. ती बोंबील वाळत घालत होती. म्हणाली, "तीस वरसं केलं त्याचा कागद आता इचारतंय? ज्याला माज्या हातानं काडला त्यो तिकडं नाखवा झाला. त्याला दाखवू काय कागद म्हनून?"

मी तिला समजावलं. कागद असला म्हणजे उद्या तुला कोणी अडवू शकणार नाही, असं म्हणाले. तिने हातातले बोंबील दोरीवर टाकले. मग म्हणाली, "सेसूला दिवस गेलंत." सेसू तिची एकुलती एक लेक, पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी येणार होती. "तेवडं माज्या हातून व्हावं. बाकी कुनाचं नाय झालं तरी चालंल." एवढ्यासाठी, फक्त एवढ्यासाठी, ती वर्गात आली.

वर्गात सहाजणी होत्या. टोपली बाहेर ठेवून फिलूमाय मागे बसे आणि मासळीचा वास पुढे माझ्यापर्यंत येई. मी भिंतीवर गर्भाचं चित्र लावलं तेव्हा ती उठून जवळ आली, निरखून पाहून म्हणाली, "हे बाप्यानं काडलंय. बाईला डोकंच नाय. आदी बाईच्या तोंडाकडं बगावं, मंग खाली." सगळ्या हसल्या. मीही हसले. आज वाटतं, त्या सहा महिन्यांत त्या पडवीत शिकवण्यासारखं एवढं एकच वाक्य बोललं गेलं, आणि ते माझं नव्हतं.

मी शिकवलं ते असं: खोलीला आतून कडी लावायची, बाहेरचं कोणी आत घ्यायचं नाही. मूल रडलं नाही तर आधी तोंड साफ करायचं, मग डोकं खाली धरायचं, तळव्यांवर टिचक्या मारायच्या. फिलूमायला हे सगळं येत होतं. मी डोळ्यांनी पाहिलं होतं. निळं पडलेलं मूल तिने एका हातावर, डोकं तळव्यात घेऊन, पालथं धरलं होतं, त्याच हाताची करंगळी त्याच्या तोंडात फिरत होती आणि दुसऱ्या हाताने डोक्यावर पाण्याची धार. तीन नावं संपायच्या आत ते मूल किंचाळलं होतं. त्या हातांमध्ये आधी आणि नंतर असं काही नव्हतंच.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी तिला बजावलं, "तोंड साफ करते, हे पहिल्यांदा सांग. पाण्याचं काढूच नकोस." ती "बरं" म्हणाली.

जिल्ह्याहून डॉक्टरसाहेब आले. पुढे माणसं खोळंबलेली, साहेबांना परतायची घाई. मी त्यांच्या शेजारी उभी. फिलूमायला त्यांनी चार प्रश्न विचारले, चारही तिने चोख सांगितले. मग पाचवा.

"मूल जन्मलं आणि रडलं नाही. तर तू पहिल्यांदा काय करतेस?"

"पानी," फिलूमाय म्हणाली.

"कसलं पाणी? गरम?"

"कंचं बी. डोक्यावर. बापाच्या, पुत्राच्या नि पवित्र आत्म्याच्या नावानं."

साहेबांची लेखणी थांबली. "मूल गुदमरतंय आणि ही पाणी ओतणार," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "सिस्टर, हे तुम्ही शिकवलंत?"

माझी नोकरी तेव्हा कच्ची होती. ती पक्की होण्याचा कागद त्याच साहेबांच्या शेऱ्यासाठी अडला होता. 'साहेब, तिचे दोन्ही हात एकदम चालतात, मी पाहिलंय,' एवढं एक वाक्य बोलायचं होतं. ते माझ्या जिभेवर होतं. मी म्हणाले, "नाही, साहेब." आणि ते खरंच होतं, मी नव्हतंच शिकवलं.

साहेबांनी तिच्या नावापुढे 'नापास' लिहिलं.

बाहेर आल्यावर मी तिच्यावरच चिडले. आपल्या भित्रेपणाचा राग दुसऱ्यावर काढायला माणसाला शिकवावं लागत नाही. "इतकं सांगून ठेवलं होतं, तरी पाणीच का बोललीस?" ती टोपली डोक्यावर घेत म्हणाली, "त्यानं 'तू काय करतंस' इचारलं, बाय. खरं इचारलं, खरं सांगितलं." मी गप्प का राहिले, हे तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पास झाली ती रेजिना. वर्गातलीच, पाचूबंदरची, चौथी शिकलेली, कामसू पोरगी. फिलूमायच्या मागे बसून दोनच बाळंतपणं पाहिलेली. परीक्षेला ती दाराबाहेर पाळीची वाट पाहत उभी होती आणि पाण्याचं सगळं प्रकरण तिने ऐकलं होतं. तिने धडाधड उत्तरं दिली, अगदी माझ्या शब्दांत. पेटी तिला मिळाली. पुढच्या महिन्यात माझी नोकरी कायम झाली. मनाई वाचून दाखवायला मीच कोळीवाड्यात गेले. फिलूमायने ती उभ्याने ऐकली. "कायदा मंजे कायदा," एवढंच म्हणाली. नंतर तिच्याकडे बोलावणी आली, लोकांनी चोरून यायची गळ घातली, पण ती गेली नाही. तिला भीती स्वतःची नव्हती. उद्या काही झालं तर त्या घराला पोलीस विचारतील, ही होती.

सेसूचे दिवस भरले. कळा सुरू झाल्या तेव्हा फिलूमायनेच रेजिनाला बोलावून आणलं. लेकीच्या केसांवरून हात फिरवला, गडवा भरला, तो रेजिनाच्या हाताशी ठेवायला गेली. रेजिना म्हणाली, "नगं माय, नर्सबाय ओरडंल. तू भायेर बस." आणि तिने कडी लावली.

दुपार कलली तेव्हा मला निरोप आला. मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. सेसू वाचली होती. मूल रडलं नव्हतं. रेजिनाने तोंड साफ केलं, डोकं खाली धरलं, टिचक्या मारल्या, फुंकर घालून श्वास द्यायचा प्रयत्न केला, पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. बाहेर फिलूमाय दार ठोठावत होती, "रेजिना, पानी घाल ग, तीन नावं घे," म्हणून ओरडत होती. आत ती पोरगी घाबरून एकेक पायरी मनात म्हणत होती आणि त्या पायऱ्यांत पाणी नव्हतं. कडी निघाली तेव्हा मूल गार पडलेलं.

फिलूमाय उंबऱ्याबाहेर बसली होती. गडवा मांडीवर, काठोकाठ भरलेला.

फादर भले गृहस्थ होते. डोळे पुसत ते म्हणाले, "माझ्या हातात नाही." संध्याकाळच्या आत मुलाला भिंतीबाहेर पुरलं, झुडपांपाशी, तिच्या त्या पहिल्याच्या शेजारी. त्या जागेवर खूण काही नव्हती, पण खणणाऱ्याला तिने नेमकी जागा दाखवली.

मी हे लिहितेय तेव्हा फिलूमायला जाऊन बरीच वर्षं लोटली. मी पेन्शन घेते. त्या दाईंच्या वर्गासाठी माझं कौतुक झालं होतं, ते पत्र कुठेतरी कपाटात असेल. मला ते शोधावंसं वाटत नाही.

त्या संध्याकाळी परत येताना ती माझ्या शेजारून चालत होती. गडवा अजून हातातच होता. घराजवळ आल्यावर तिने ते पाणी माडापासून लांब, वाळूत ओतलं. रिकामा गडवा पदराने पुसला. मग मला विचारलं, "नर्सबाय, तू शिकिवलं तसंच केलं ना रेजिनानं? काय चुकली नाय ना पोरगी?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला रेजिनाची काळजी होती.

"नाही, माय," मी म्हणाले. "सगळं बरोबर केलं."

आणि तेही खरंच होतं.