बंकराच्या फटीतून

शेवटच्या दिवशी आम्ही दोघांनी बंकराच्या भिंतीला पाठ लावून थालीपीठ खाल्लं. समुद्राचा वारा त्यावर वाळू उडवत होता. हिरा म्हणाली, "चावू नका, गिळा." मग उठली आणि रोजच्यासारखी भिंतीतल्या फटीला तोंड लावून ओरडली, "हाय का कोण घरात?"

हिरा माझी बायको. ज्यांनी तिला पाहिलं नाही त्यांना ती येडीच वाटेल. दर उन्हाळ्यात आम्ही तीन महिने मुलाकडे नेदरलँडला यायचो. त्याच्या घरामागे समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्या आहेत. त्यात हा काँक्रीटचा ठोकळा अर्धा रुतलेला. पुढे बंदुकीपुरती आडवी फट, मागे वाकून शिरायचं दार. महायुद्धात जर्मनांनी बांधलेला. मी जन्मभर गवंडीकाम केलं. भिंत थापटून म्हणालो, "काम पक्कं हाय."

"पक्कं कुणासाठी, ते इचारा की आधी," ती फणकारली.

ते कळलं ग्रीतबाईकडून. ही आमच्याच वयाची डच बाई तिथे कुत्रं फिरवायला यायची. एका रविवारी मुलानं तिचं बोलणं आम्हाला मराठीत सांगितलं. इथे आधी कोळ्यांची घरं होती. ती बंदुकीच्या आड येत होती म्हणून जर्मनांनी माणसं हाकलली, घरं पाडली. ग्रीतबाईची आई दाराची कडी तेवढी उपटून घेऊन निघाली. लढाई संपली, जर्मन गेले. ठोकळा राहिला. घर काही परत उभं राहिलं नाही.

हिरा मुलाला म्हणाली, "सांग तिला, माझं माहेर धरणात गेलं. तिचं घर बंदुकीपायी, माझं धरणाच्या इजेपायी. दोघींचा उंबरा सरकारानं खाल्ला." मुलानं सांगितलं. ग्रीतबाईनं तिचा हात हातात घेतला तो बराच वेळ सोडला नाही.

हिराच्या माहेरी एक रीत आहे. कडक उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की बुडालेल्या घरांची जोती उघडी पडतात. माणसं लांबून चालत येतात, आपापल्या जोत्यासमोर उभी राहतात आणि हाक मारतात. आत कोण असणार? चिखल. हिरा म्हणायची, "ज्येला घालवलं त्येला हाक मारायची. न्हाईतर जागा मुकी हुती." तीच हाक ती इथे मारायला लागली.

मी म्हणायचो, "अगं, आत वटवाघळं हायेत."

"मग? त्यास्नी घर न्हाई व्हय?"

तिनं ग्रीतबाईलाही हाक शिकवली. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं, पण तासभर बोलायच्या. आमच्या नातीला मराठी समजतं, पण ती उत्तर डचमध्ये देते. आणि ही परकी म्हातारी फटीला तोंड लावून मराठीत ओरडायची, "हाई का कोन खरात?"

त्या दिवशी ग्रीतबाई आली नाही. हिरानं अर्धं थालीपीठ चांदीच्या कागदात गुंडाळलं. "उद्या तिला द्या. न्हाईतर खाऊन बसाल तुमीच."

घरी आल्यावर म्हणाली, "जरा पडते." ती उठलीच नाही. अँब्युलन्सची माणसं गालिच्यावर गुडघे टेकून बराच वेळ तिची छाती दाबत होती. मग त्यातला एक मुलाशी हळू आवाजात बोलला. हळू कशाला? मला त्यांची भाषा येते कुठं?

सकाळी घरभर फोन वाजत होते. मुलाचे डोळे सुजलेले. म्हणाला, "बाबा, आईला विमानानं गावी न्यायचं, का इथंच करायचं?" असलं सगळं तीच ठरवायची. मी तो चांदीचा कागद उचलला आणि तसाच चपलांवर निघालो.

बंकराच्या मागच्या दारातून वाकून आत शिरलो, ओल्या वाळूत बसलो. बाहेर यायचं मनात नव्हतं. समुद्र आत आला असता तरी उठलो नसतो. असल्या अंधारात एकटं बसायचं होतं तर एवढं जगलो कशाला?

बाहेर कुत्रं भुंकलं. मग फटीतला उजेड कुणीतरी अडवला.

"हाई का कोन खरात?"

ग्रीतबाईला काहीच ठाऊक नव्हतं. ती हिराची वाट बघत होती. तिनं पुन्हा हाक मारली.

"हाय," मी म्हणालो. "एकटाच हाय."

आणि खांद्यापर्यंत हात घालून थालीपीठ फटीतून बाहेर दिलं.