बाबांचं ‘डावीकडे’

भूतबित सोडा, मी पेपरातलं राशिभविष्यही वाचत नाही. विमान चालवते मी, माझा विश्वास काट्यांवर. पण गेल्या हिवाळ्यात जे झालं ते मी भेटेल त्याला सांगत सुटते... भीतीने नाही हं, आनंदाने!

आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. त्यातून बाबांची एक गंमत झाली होती — हिंदीतलं ‘दायाँ’ आणि मराठीतलं ‘डावा’ त्यांच्या डोक्यात एकच. ते ‘डावीकडे’ म्हणाले की उजवीकडे जायचं! फूलबागेजवळ स्कूटर शिकवताना त्यांनी डावीकडे घे म्हटलं, मी खरंच डावीकडे घेतली आणि थेट कुंपणात घुसले. तेव्हापासून घरात सगळे त्यांचं डावं म्हणजे उजवं धरूनच चालायचे. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली.

तर त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास आम्ही एक लहान विमान घेऊन ग्वाल्हेरला उतरत होतो. मागे चार प्रवासी. कॅप्टन पुण्याचे, मी को-पायलट. खाली दाट धुकं. एकाएकी पडद्यावरचं घड्याळ दोन तास मागे गेलं, आणि नकाशावरचं आमचं विमान टुणकन उडी मारून मुरैनाच्या पलीकडे जाऊन बसलं! कुणीतरी खोटे जीपीएस सिग्नल सोडत होतं. असे प्रकार हल्ली होतात, आम्हाला ते शिकवतातही. पण आपण नेमके कुठे आहोत तेच कळेना, आणि जवळपास कुठेतरी किल्ल्याचा डोंगर. रेडिओवर नुसती खरखर. कॅप्टननी विमान वर घ्यायला सुरुवात केली... पण वळायचं कुठे?

आणि त्या खरखरीतून स्वच्छ आवाज आला, “ए छोटी, डावीकडे घे.”

मला छोटी म्हणणारा जगात एकच माणूस होता. मी विचारच केला नाही. सर, राइट घ्या, राइट — ओरडलेच मी. त्यांनी घेतलं. विमान सरळ झालं तेव्हा त्यांच्या, म्हणजे डाव्या खिडकीतून धुक्यात किल्ल्यावरच्या मानमंदिर महालाची भिंत दिसली. निळ्या फरशांमधली पिवळी बदकं मोजता आली असती, इतक्या जवळ!

मग वर जाऊन घिरट्या घातल्या आणि धुकं विरळ झाल्यावर उतरलो. सगळे सुखरूप. कॅप्टननी बाटलीभर पाणी संपवलं आणि म्हणाले, “आवाज मीही ऐकला. तो डावीकडे म्हणाला होता. तू राइट का म्हणालीस?”

चौकशीत तज्ज्ञ म्हणाले की सिग्नल बिघडवणाऱ्यांनीच रेडिओत घुसून तो आवाज सोडला असणार, आम्हाला डोंगरावर घालायला. असेलही. पण मग मराठीत कसा? आणि ‘छोटी’ त्यांना कुणी सांगितलं?

अहवालात माझं कौतुक आहे — को-पायलटने खोटी सूचना धुडकावली, म्हणून. ते वाचून आई रडता रडता हसायला लागली.

“या अहवालवाल्यांना काय मालूम,” ती म्हणाली. “तू तर या वेळी बाबांचं बरोबर ऐकलंस.”