कांजीचं सूत

काल जुळे सोलापुरातल्या घरी कांजी केलेल्या साडीवर इस्त्री जरा जास्त वेळ राहिली आणि करपल्याचा वास आला. त्या वासानं मी थेट शुक्रवार पेठेतल्या माहेरच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. तिथं चार बुकं शिकलेली, कामाला कधी हात न लावलेली, नाक वर करून बोलणारी एक पोरगी भेटली. मला ती मुळीच सहन होत नाही. ती मीच.

नवी वहिनी सांगोल्याची. दिवाळीच्या मेणबत्त्यांसाठी तिनं मेण वितळवलं, पातेलं खाली उतरवून त्यात मोगऱ्याचं अत्तर घातलं. वातीसाठी मी वडिलांच्या मागावरचं सूत आणून दिलं. तिनं ते बोटांत चोळलं.

"वन्सं, ह्याला कांजी हाय की. धुवून घेऊ का?"

"सूत आमच्या घरचं आहे. सांगोल्यानं आम्हाला शिकवू नये."

तिनं ते सूत तसंच वापरून मेण ओतलं. संध्याकाळी वाती तडतडल्या, धुरकटल्या आणि मोगऱ्याऐवजी करपलेल्या पिठाचा वास घरभर सुटला. पाहुण्यांसमोर मी ठसक्यात म्हणाले, "वहिनीला कुठलं जमतंय!"

दुसऱ्या दिवशी तिनं उरलेलं सूत गरम पाण्यात धुतलं, वाळवलं आणि पुन्हा मेणबत्त्या केल्या. ज्योत सरळ, घरभर मोगरा. सगळे कौतुक करायला लागले तशी मी पुढं झाले. "शेवटी सूत कुणाच्या घरचं!"

"तुमच्याच की, वन्सं," वहिनी म्हणाली, आणि धुवून मऊ झालेली उरलेली लडी सगळ्यांदेखत माझ्या हातात ठेवली.