ट्रकचं आवतन

तेव्हा महाराष्ट्राच्या सीमेलगतचं जैनथ हे गाव अजून आंध्रात होतं आणि मी तिथल्या शाळेत मास्तर. सायकलनं जाता-येता एका वावरात मिलिट्रीनं लिलावात काढलेला जुना ट्रक दिसायचा, आणि बहुतेकदा त्याच्याखालून बाहेर आलेले दोन पाय. पायांच्या मालकाचं नाव मी कधी विचारलं नाही. शेतातलं काम उरकलं की तो रोज ट्रक खोलायचा, पुसायचा, पुन्हा जोडायचा. इंजिनाच्या दोन भागांमध्ये बसवायचं गॅस्केट कुठं मिळेना, तेव्हा माझ्याकडून शाळेतल्या फाटक्या नकाशाचा पुठ्ठा मागून नेला आणि त्यातून कापलं. तरी तीन वर्षं इंजिन काही बोललं नाही. गाव हसायचं. मीही हसायचो.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी सगळे बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळत होते. हा ट्रकच्या सांध्यासांध्यात ग्रीस भरत होता. मग त्यानं बॉनेटला हळद लावली आणि बैलांना म्हणतात तसंच त्यालाही म्हणाला, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

"अहो, आधी चालू तर होऊ द्या त्याला!" मी म्हणालो.

"मास्तर, बैल म्हातारा झाला म्हनून त्याचा पोळा कोनी बंद करते काय?"

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पोळ्याला गेलो. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या होत्या. वावराकडून इंजिनाची घरघर यायची, बंद पडायची, पुन्हा यायची. वाजंत्रीवाले वाजवायचे थांबून ऐकत होते. आणि ज्या गावानं तीन वर्षं हसण्यात काढली, त्यानं रांगेच्या शेवटी ट्रक मावेल एवढी जागा मोकळी सोडली होती.